खिडकीतून पृथ्वी दिसते तोवर

१९७८ सालच्या जानेवारीत सोव्हिएत अंतराळवीर गिओर्गी ग्रेच्को 'सॅल्यूत-६' स्थानकावर होते. इकडे पृथ्वीवर त्यांचे वडील वारले. नियंत्रण कक्षाने ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचू दिली नाही. मार्चमध्ये ९६ दिवसांची मोहीम पुरी करून ते उतरले, तेव्हा त्यांना वडील गेल्याचं कळलं.

जवळपास तीस वर्षांनी, डिसेंबर २००७मध्ये, अमेरिकी अंतराळवीर डॅनियल टानी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर असताना त्यांच्या आईच्या मोटारीला रेल्वे फाटकावर अपघात झाला आणि त्या गेल्या. टानींपासून काही लपवलं गेलं नाही. त्यांना परत आणणारं यान तांत्रिक बिघाडामुळे रखडलं होतं. ते वेळेवर सुटलं असतं, तर टानी तेव्हा घरीच असते. पुढे फेब्रुवारीपर्यंत ते वर राहिले आणि काम करत राहिले.

आपल्याकडे परगावी असलेल्या मुलाला अशा वेळी पुरतं खरं सांगत नाहीत. "बाबांची तब्येत जास्त झालीय, लगेच नीघ," एवढंच कळवतात. त्या अर्धवट निरोपामागे माया असते, आणि निरोप मिळाला की माणूस निघेल, उद्यापर्यंत घरी पोचेल, हे गृहीतही असतं. अंतराळातल्या माणसाला निघता येत नाही. त्याला काय सांगायचं, कधी सांगायचं आणि सांगितल्यावर त्याने ते दुःख घेऊन कुठे जायचं, या प्रश्नांना पूर्वापार चालत आलेली कुठलीही रीत उपयोगी पडत नाही.

अंतराळ म्हटलं की काळोख, पोकळी, अथांगपणा डोळ्यांपुढे येतो, आणि तिथे मनाला त्याचीच भीती वाटत असेल असं आपण धरून चालतो. पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवातून दिसलेल्या अडचणी मात्र ओळखीच्या आहेत: अपुरी झोप, तेच ते चेहरे, न संपणारी कामाची यादी, घरच्या फोनची वाट. शिवाय दीर्घ मुक्कामांचा हा अनुभव पृथ्वीपासून फार तर चारशे-साडेचारशे किलोमीटरवरचा आहे. मुंबईहून कोल्हापूर रस्त्याने जेवढं दूर, साधारण तेवढ्याच उंचीवरचा. मन सावरण्याची जी साधनं आपल्याला सापडली, त्यांतली बहुतेक या जवळिकीच्या भरवशावर चालतात. मंगळाकडे निघालेल्या माणसांना ती पुरणार नाहीत. त्यांना सर्वांत जास्त गरज लागेल ती आपल्या दिवसावर आणि आपल्या निर्णयांवर स्वतःचा ताबा असण्याची, आणि ती शिदोरी इथूनच बांधून द्यावी लागेल. उपलब्ध अनुभवाचा आढावा घेताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं.

शरीराच्या वाटेने मनावर

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दर ९० मिनिटांनी पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करतं. चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो, सोळा वेळा मावळतो. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, त्यामुळे ते गोंधळतं. झोपायची जागा टेलिफोन बूथएवढी. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं आणि चेन ओढायची. दमलेलं अंग गादीवर टाकण्याचं सुख तिथे नाही, कारण अंगाला भारच नाही. पंखा बंद करायची सोय नाही. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही. हवा खेळती ठेवली नाही, तर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती साचून राहतो. म्हणून पंखे आणि पंप रात्रंदिवस घरघरत असतात.

स्पेस शटलच्या ६४ आणि स्थानकावरच्या २१ अंतराळवीरांच्या झोपेचा एक मोठा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. वेळापत्रकात झोपेसाठी साडेआठ तास राखलेले होते. प्रत्यक्षात झोप सरासरी सहा तासांच्या आसपास होत होती आणि चारांपैकी तिघांनी मोहिमेत कधी ना कधी झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. गोळी घेऊन झोपलेल्या माणसाला मध्यरात्री धोक्याच्या घंटेने उठवलं तर त्याचं डोकं किती ताळ्यावर असेल, ही चिंता या आकड्यांमागे आहे. २०१६पासून स्थानकावरचे जुने दिवे बदलून रंगछटा पालटणारे एलईडी दिवे बसवायला सुरुवात झाली. कामाच्या वेळी निळसर उजेड, झोपेआधी पिवळसर. मानसोपचारात दिव्यांचाही वाटा असतो, हे मान्य झाल्याची ही खूण.

हवेचा प्रश्न झोपेपुरता नाही. स्थानकातल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पृथ्वीवरच्या मोकळ्या हवेच्या दहापटीच्या आसपास असतं. काहींचं त्याने डोकं दुखतं, जड होतं. गुरुत्वाकर्षणाचा भार नसल्याने शरीरातले द्रव डोक्याकडे सरकतात. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या चित्रणांत दीर्घ मोहिमांवरून परतलेल्यांचा मेंदू कवटीत किंचित वर सरकलेला दिसला. मेंदूतल्या द्रव भरलेल्या पोकळ्या रुंदावतात आणि पूर्ववत व्हायला फार वेळ घेतात, हेही पुढे दिसून आलं.

एवढं होऊनही बुद्धी फार ढळत नाही, ही आश्वासक बाब. सहा महिने स्थानकावर राहिलेल्या २५ अंतराळवीरांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. लक्ष, तात्पुरती स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग यांत थोडी मंदी आली होती, कायमची हानी दिसली नाही. स्कॉट केली यांची गोष्ट जरा वेगळी. ते २०१५-१६मध्ये ३४० दिवस वर होते आणि त्यांचा जुळा भाऊ मार्क जमिनीवर. दोघांच्या तुलनेत असं दिसलं की वर असताना स्कॉट यांची कामगिरी बहुतांशी टिकून होती. उतरल्यावर मात्र वेग आणि अचूकता दोन्ही घसरले आणि सुमारे सहा महिने तसेच राहिले. परतणं हीसुद्धा मोहिमेचीच एक अवघड पायरी आहे. चंद्रावर पाऊल ठेवून आलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी परतल्यानंतरच्या नैराश्याविषयी १९७३मध्येच पुस्तकातून उघडपणे लिहिलं होतं.

त्याच खोल्या, तेच चेहरे

१९८२मध्ये अनातोली बेरेझोवॉय आणि व्हॅलेंटिन लेबेदेव 'सॅल्यूत-७'वर २११ दिवस राहिले. लेबेदेव रोज डायरी लिहीत. पुढे ती पुस्तकरूपाने आली आणि या विषयातला एक मोलाचा दस्तऐवज ठरली. तीत मोठी भांडणं फारशी नाहीत. आहे तो अबोला, छोट्या गोष्टींवरून चढणारा पारा आणि तो गिळून टाकण्याचे कष्ट. संयुक्त कुटुंबात किंवा हॉस्टेलच्या खोलीत राहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. दुसऱ्याच्या चमच्याचा आवाजसुद्धा नकोसा होतो तो क्षण. आपण अशा वेळी गच्चीवर जातो, कोपऱ्यावर चक्कर मारून येतो. त्या दोघांना दार नव्हतं.

त्याआधी १९७६मध्ये 'सॅल्यूत-५'वरून बोरिस वोलिनोव आणि विताली झोलोबोव ४९ दिवसांनी, ठरलेल्या मुदतीआधीच परतले होते. झोलोबोव यांची प्रकृती खालावली होती. त्यात शरीराचा भाग किती आणि मनाचा किती, यावर नंतर बरीच चर्चा झाली. रशियन वैद्यकात अशा अवस्थेला 'अस्थेनिया' म्हणतात: थकवा, चिडचिड, झोप न लागणं, कशातच रस न वाटणं. पाश्चात्त्य मानसोपचारतज्ज्ञ हा वेगळा आजार मानायला तितकेसे राजी नाहीत. ही लक्षणं मात्र दोन्हीकडच्या नोंदींत सापडतात.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ निक केनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मीर' हे रशियन स्थानक आणि आंतरराष्ट्रीय स्थानक यांवरच्या तुकड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपापसातला ताण माणसं आपापसात काढत नाहीत, तो जमिनीवरच्या नियंत्रण कक्षावर काढतात, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष. सोबत्याशी वाकडं घेणं परवडत नाही, म्हणून राग दूरच्या माणसावर निघतो. 'खालच्यांना आमचं काही कळत नाही' ही तक्रार वाढली, की वर काहीतरी बिनसलं आहे असं समजायला जागा असते.

भाषेचा एकटेपणा हा निराळाच. १९९५मध्ये 'मीर'वर राहिलेले पहिले अमेरिकी नॉर्मन थॅगार्ड यांना रशियन येत होतं, सोबत्यांशी त्यांचं जमलंही. तरी आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायला फार क्वचित मिळत होतं आणि तो एकाकीपणा त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितला. मुलखाबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मॉस्कोत २०१०-११मध्ये झालेल्या 'मार्स-५००' प्रयोगात तीन रशियन, दोन युरोपीय आणि एक चिनी असे सहा पुरुष ५२० दिवस बंद कृत्रिम यानात राहिले. जमिनीवरच असल्याने वजनरहित अवस्था नव्हती, किरणोत्सर्ग नव्हता. होती ती कोंडी आणि एकसुरीपणा. महिन्यामागून महिने गेले तशी हालचाल मंदावली. एकाच्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपासून इतकं सरकलं की बाकीचे जागे असताना तो झोपलेला असे. एकामध्ये नैराश्याची लक्षणं टिकून राहिली. नोंदल्या गेलेल्या कुरबुरींपैकी ८५ टक्के कुरबुरींचा संबंध सर्वाधिक ताण आणि थकवा सांगणाऱ्या दोघांशी होता. दोघांवर मात्र जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. सहाही जण निवडून, पारखून घेतलेले होते. एकाच कोंडीतून प्रत्येक मन निरनिराळं बाहेर येतं, आणि ते कसं येईल हे आधी ओळखायला आपण अजून पुरतं शिकलेलो नाही.

तिसरा टप्पा

फार काळ एकांतात काढणाऱ्यांविषयी एक समज आहे. निम्मा काळ सरला की मन खचतं, कारण जेवढं काढलं तेवढंच अजून काढायचं असतं. याला 'तिसऱ्या चौथाईचा' परिणाम म्हणतात. ध्रुवीय मुक्कामांतून ही कल्पना पुढे आली. केनस यांच्या अभ्यासांत ती अंतराळात ठळकपणे आढळली नाही. १९९४-९५मध्ये 'मीर'वर सलग ४३७ दिवस राहिलेले डॉक्टर व्हॅलेरी पोल्याकोव यांच्या नियमित चाचण्या झाल्या. त्यांत उत्साह आणि कामगिरी घसरली ती पहिल्या तीन आठवड्यांत आणि परतल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. मधल्या वर्षभराहून अधिक काळात ते स्थिर होते. म्हणजे मनाला जड गेलं ते रुळणं आणि पुन्हा नव्याने रुळणं.

मुदत मध्येच वाढली, तर त्याचा भार वेगळा. अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबियो सप्टेंबर २०२२मध्ये सहा महिन्यांसाठी गेले. त्यांच्या सोयूझ यानातून शीतक द्रव गळाला आणि मुक्काम ३७१ दिवसांवर गेला. वर्षभर राहावं लागेल हे आधी ठाऊक असतं तर घरच्या कारणांमुळे आपण नाही म्हटलं असतं, असं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४मध्ये आठेक दिवसांसाठी गेले आणि २८६ दिवसांनी परतले. घरातल्या लग्नकार्याला, मुलांच्या शाळेच्या दिवसांना मुकण्याची तयारी माणूस मनाशी हिशोब करून करतो. तो हिशोब मोडतो तेव्हा मन नव्याने बांधावं लागतं.

ध्रुवीय मुक्काम हा अंतराळातल्या मुक्कामाचा जमिनीवरचा जवळचा नातलग, आणि त्याचं एक टोक आपल्या शेजारी गोव्यात आहे. वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंटार्क्टिकावर 'मैत्री' आणि 'भारती' ही ठाणी चालतात. तिथे हिवाळा काढणारी तुकडी कित्येक महिने बाहेरच्या जगापासून तुटलेली असते आणि काही काळ सूर्य उगवतच नाही. तिथली माणसं जे सोसून परततात, ते आपल्या अंतराळ कार्यक्रमासाठी घरचंच शिक्षण आहे.

यादी कुणाच्या हातात

'स्कायलॅब' या अमेरिकी स्थानकाची शेवटची तुकडी १९७३च्या नोव्हेंबरात वर गेली: जेरल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग. तिघेही पहिल्यांदाच अंतराळात जात होते आणि त्यांना ८४ दिवस काढायचे होते. आधीच्या तुकडीच्या वेगाने त्यांच्या दिवसाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक आखलेलं होतं. पोग यांना सुरुवातीला उलट्या झाल्या, त्यांनी त्या लपवायचं ठरवलं, ते उघडकीला आलं आणि त्यांना बोलणी खावी लागली. पुढे कामं तुंबत गेली, सुटीच्या दिवसांतही काम शिरलं, आणि वर-खाली दोन्हीकडे घुसमट वाढली. पुढे या तुकडीने 'बंड' केल्याची कहाणी पसरली. बंड झालं नव्हतं. ३० डिसेंबरला दोन्ही बाजू मोकळेपणाने बोलल्या.

त्या बोलण्यातून निघालेला तोडगा साधा होता. जेवणाची वेळ आणि संध्याकाळ मोकळी ठेवायची. नेहमीची किरकोळ कामं मिनिटांच्या वेळापत्रकातून काढून एका यादीत टाकायची, आणि ती कधी उरकायची हे वरच्यांनी ठरवायचं. काम तेच राहिलं, त्यावरचा ताबा हलला. उरलेल्या दिवसांत कामाचा वेग वाढला आणि मोहीम यशस्वी झाली. अंतराळ मानसशास्त्रातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी प्रयोग ठरावा.

दिलाशाची साधनं

आज स्थानकावरच्या माणसासाठी भक्कम आधार उभा आहे. दर दोन आठवड्यांनी मानसतज्ज्ञाशी खासगी बोलणं, आठवड्याला कुटुंबाशी व्हिडिओवर भेट, केव्हाही घरी लावता येणारा फोन, मालवाहू यानातून येणारी घरची पाकिटं आणि ताजी फळं.

यांहून मोठा आधार खिडकीचा. २०१०मध्ये बसवलेल्या 'क्युपोला' या सात काचांच्या घुमटातून पृथ्वी पायाखाली फिरताना दिसते. अंतराळवीरांनी काढलेल्या पृथ्वीच्या छायाचित्रांपैकी बहुसंख्य कुणी न सांगता, आपल्या मोकळ्या वेळात काढलेली आहेत. आपलं गाव, आपली नदी शोधत माणसं तिथे तासन् तास रमतात. पृथ्वी अशी अखंड दिसल्यावर विचारांत जो पालट होतो, त्याला फ्रँक व्हाइट यांनी १९८७मध्ये 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट' हे नाव दिलं. मानसशास्त्रज्ञ पीटर स्यूडफेल्ड यांनी या अनुभवाच्या उजळ बाजूवर भर दिला. बरेच अंतराळवीर परततात ते अधिक खंबीर, अधिक कृतज्ञ होऊन. मनावरच्या परिणामांचा जमाखर्च मांडताना ही जमेची बाजू वगळणं अन्यायाचं होईल.

आणि रोपं. १९८२मध्ये लेबेदेव यांच्या स्थानकावर अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपट्याला फुलं आणि बिया धरल्या. अंतराळात असं पहिल्यांदाच घडलं. २०१५च्या डिसेंबरात स्कॉट केलींच्या स्थानकावर झिनियाची रोपं होती, आपल्या अंगणात लावतो तीच. पाणी जास्त झालं, पानांच्या कडांवर थेंब जमले आणि बुरशी चढली. पाणी किती आणि कधी द्यायचं, हे खाली जमिनीवर कागद बघून ठरत होतं. केलींनी म्हटलं की मंगळावर जाताना शेती करायची असेल तर पाण्याचा निर्णय तिथल्याच माणसाने घ्यावा लागेल. खालून एका पानाची सूचनापत्रिका आली आणि रोपं केलींच्या हाती सोपवली गेली. रोपांची गरज पाहून ते पाणी देऊ लागले. काही रोपं गेली, काही तगली, आणि जानेवारीत नारिंगी फूल उमललं. केलींनी ते खिडकीपाशी, पृथ्वीच्या पार्श्वभूमीवर तरंगतं ठेवून टिपलं. 'स्कायलॅब'च्या यादीचा आणि या फुलाचा धडा एकच आहे. माणसाला आपल्या हातात काहीतरी लागतं, ज्याचं बरंवाईट त्याच्यावर अवलंबून असेल.

पृथ्वी ठिपक्याएवढी झाली की

मंगळाच्या वाटेवर हे आधार एकेक करून सुटतात. मंगळ जवळ असताना निरोप पोचायला तीन मिनिटं लागतात, दूर असताना बावीस. "हॅलो" म्हटल्यावर उत्तराला पाऊण तास लागणार असेल, तर त्याला गप्पा म्हणता येणार नाहीत, ती पत्रं झाली. मानसतज्ज्ञाशी संवाद, लेकराचं बोबडं बोलणं, संकटातला सल्ला, सगळं पत्राच्या चालीने होईल. मध्येच परतायची सोय नाही. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर असतो तशा किरणोत्सर्गाने उंदरांच्या स्मरणशक्तीवर आणि शिकण्यावर परिणाम झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. माणसांच्या बाबतीत तिथल्या दीर्घ मुक्कामाचा अनुभवच नाही. आणि खिडकीतली निळी पृथ्वी ठिपक्याएवढी होईल. ज्या दृश्याने आजवर सगळ्यांना सावरलं, ते नसताना काय होतं, याचा अनुभव कुणालाच नाही. केनस यांनी हा प्रश्न वारंवार पुढे आणला आहे.

तयारी चालू आहे. नासाने ह्यूस्टनमध्ये २०२३-२४मध्ये चार जणांना ३७८ दिवस मंगळासारख्या घरात ठेवलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५मध्ये लडाखच्या त्सो कार परिसरात इस्रोच्या पुढाकाराने दहा दिवसांचा मुक्काम झाला. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या १८ दिवसांत जे प्रयोग केले, त्यांत अंतराळात पडद्यावर काम करताना नजर आणि लक्ष यांचं काय होतं, हेही तपासलं गेलं. २०३५पर्यंत स्वतःचं स्थानक उभारायचं भारताने ठरवलं आहे. तेव्हा आपली माणसं महिनोन् महिने वर राहतील. त्यांच्यासाठी यानाइतक्याच काळजीने हा भाग घडवायला हवा, आणि तो आपल्या जेवणाला, आपल्या भाषांना, आपल्या नातेसंबंधांना धरून घडवायला हवा.

त्याची सुरुवात ग्रेच्कोंच्या गोष्टीपासून करता येईल. बातमी लपवणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, त्यांना वरच्या माणसाला जपायचं होतं. तरी तो निर्णय त्याच्या वतीने दुसऱ्यांनी घेतला. मंगळाला निघणाऱ्या प्रत्येकाला निघण्याआधी, घरच्यांच्या समक्ष, शांतपणे विचारावं: वाईट बातमी आली तर कळवायची का, कुणाच्या आवाजात, सोबत्यांपैकी कुणी जवळ बसावं? त्याचं उत्तर लिहून घ्यावं आणि पाळावं. निघून घरी पोचता येणार नाही अशा जागी आपण माणूस पाठवतो आहोत. त्याचं दुःख कसं स्वीकारायचं, एवढं तरी त्याचं त्याला ठरवू द्यावं.